पुढं कोण चालतं

हिंगोलीच्या राखीव पोलिसांच्या क्वार्टर्समध्ये चौथ्या लायनीत आठ घरं होती आणि त्या आठही घरांतले नवरे गडचिरोलीच्या जंगलात स्वयंपाक करत होते. निदान बायकांचं म्हणणं तसं होतं. कुणाचा नवरा मेसमध्ये भाजी चिरत होता, कुणाचा भांडारात पोती मोजत होता, कुणाचा साहेबाच्या ऑफिसात फोन उचलत होता. बंदूक घेऊन झाडीत शिरणारा माणूस त्या लायनीत औषधालाही सापडला नसता. अख्खी कंपनी जर पोळ्याच लाटत असेल तर त्या पोळ्या खातं कोण, असा प्रश्न एखाद्या बाहेरच्याला पडला असता. लायनीतल्या कुणी तो कधी विचारला नाही.

सपनालाही पहिली दोन वर्षं तो पडला नाही. ती सेनगावच्या अलीकडच्या एका खेड्यातली. भित्री म्हणून लहानपणापासून गावभर प्रसिद्ध. नव्वदच्या दशकात त्या रस्त्याला एक जीप धावायची, आत पंधरा आणि टपावर दहा, आणि शाळेची सगळी पोरं मागच्या दांडीला लोंबकळत जायची. सपना तेवढी पायी. बाप सटवाजी म्हणायचा, "ह्या पोरीला सावलीचंबी भ्या वाटते." अशी ही पोरगी बी.ए. झाली, कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि लग्न कुणाशी करून बसली, तर बंदूकवाल्याशी. प्रेमानंद पाहायला आला तेव्हा इतका हळू बोलत होता, की हा पोलीस असेल असं तिला वाटलंच नाही. आणि मग गडचिरोलीला बदलून गेल्यावर त्यानं सांगितलं, "मी मेसमधी हाय. स्वयंपाकाच्या ड्युटीला." झालं, तिचा जीव भांड्यात पडला.

एरवी हुशार असलेल्या बाईची अक्कल तेव्हा कुठं चरायला गेली होती कोण जाणे. प्रेमानंदला घरात साधा चहा टाकता येत नसे. दूध उतू जाऊन गॅस विझला तरी ह्या गृहस्थाचं डोकं पेपरात. असल्या माणसाला सरकारनं शंभर जणांच्या भाजीवर बसवलं, हे तिनं निमूट मान्य केलं. फोनवर ती विचारायची, "आज काय केलं व्हतं?" तो जरा थांबायचा आणि सांगायचा, "वांगं. वांगं आन् वरण." दर खेपेला वांगंच. तिकडं दुसरी भाजी पिकत नसेल, असं म्हणून ती पुढचं काही विचारायची नाही.

विचारायची नाही, कारण भीती वाटायची. टीव्हीच्या तळाला बातम्यांची पट्टी सरकायला लागली आणि तीत गडचिरोलीचं नाव आलं, की ती हातातलं काम टाकून आवाज मोठा करायची. तसं झालं की सगळी लाईन आपापल्या दारात येऊन उभी. कुणी कुणाशी बोलायचं नाही. प्रत्येकीच्या मुठीत मोबाईल, पण फोन कुणी लावायचा नाही; आपण लावला आणि नेमका तेव्हाच तिकडून त्याचा आला तर लागायचा नाही म्हणून. मग एकीचा वाजायचा, ती आत जायची, बाकीच्या उभ्याच. ज्यांचा वाजायचा राहिला त्यांच्याकडं पाहायची कुणाची छाती होत नसे. आत गेलेली बाहेर येऊन मोठ्यानं सांगायची, "मेसमधीच हायेत ते. तिकडं गेलेच न्हाईत."

शेजारची पद्माबाई अशा वेळी सपनाच्या दीक्षाला कडेवर घेऊन उभी असायची. वयानं दहा-बारा वर्षांनी मोठी, घसा खणखणीत, आणि दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला एका पायावर तयार. तिचा नवरा जळबा, तो भांडारातला. "ह्यायला काय व्हते गं," ती म्हणायची. "तांदळाच्या पोत्यावर कोन गोळी झाडते?" हे ऐकून सपनाला बरं वाटायचं.

दोन हजार आठच्या एप्रिलात प्रेमानंद जयंतीला सुटीवर आला. मिरवणुकीत नाचला, दीक्षाला खांद्यावर घेऊन पुतळ्यापर्यंत गेला, सगळं नेहमीसारखं. दोन दिवसांनी तिघं बाजाराला निघाले. वाटेत नाल्यावर एक लहानसा पूल आहे, दहा माणसं उभी राहिली तर भरून जाईल एवढा. तिथं आल्यावर प्रेमानंद म्हणाला, "थांब जराशी," आणि डांबरी रस्ता सोडून खाली नाल्यात उतरला. चांगली इस्त्रीची पँट. खाली गटाराचं पाणी, प्लास्टिकच्या पिशव्या, डुकरं. तो वाकून पुलाखाली बघत पलीकडं गेला, वर चढला आणि तिथून हात केला, "या आता."

"अहो, हे काय करून राहिले?" सपना पलीकडं जाऊन म्हणाली. "लोकं बघून राहिलेत. पूल काहून सोडला?"

"सवय हाय," तो म्हणाला.

"कशाची सवय? भाजी चिरायची?"

तो हसला नाही. सुटी संपेपर्यंत तो रस्त्यानं असाच चालला, कडेकडेनं, मान खाली घालून, पाच-सात पावलांपुढची जमीन बघत. सपनाला आधी वाटलं ह्यांचं काही तरी पडलंय. मग वाटलं, माझ्यावर नाराज आहेत, म्हणून तोंड वर करत नाहीत. ती एक दिवस रुसूनही बसली. मग सुटी संपली आणि तो गेला.

सपना तेव्हा उत्तमरावांच्या कॉम्प्युटर सेंटरवर शिकवायला जायची. शिकायला येणारे बहुतेक पन्नाशीचे क्लार्क आणि तलाठी, सरकारनं कोर्स सक्तीचा केला म्हणून आलेले. ते माऊस असा गच्च धरायचे की सोडला तर पळून जाईल. उत्तमरावांनी हौसेनं एक भारी मशीन घेतलं होतं, ॲनिमेशनचा कोर्स काढायचा म्हणून. हिंगोलीत ॲनिमेशन शिकायला कुत्रंही फिरकलं नाही. तेव्हा ते मशीन त्यांनी गेम खेळायला तासावर द्यायला सुरुवात केली. एक गिऱ्हाईक रोज संध्याकाळी येऊन त्यावर इंटरनेटवरून दुसऱ्या गावच्या लोकांबरोबर लढाई खेळायचं. मे महिन्यात त्याला पुण्याला नोकरी लागली, ते गेलं, आणि त्याचा गेम मशीनमध्ये तसाच राहिला.

एका संध्याकाळी क्लास सुटल्यावर सपना ते मशीन साफ करायला बसली. चालू केल्याबरोबर गेम आपोआप उघडला आणि टेबलावरचा हेडफोन बोलायला लागला. तिनं दचकून तो कानाला लावला.

"हिंगोली! अरे हिंगोली, कहाँ था इतने दिन?"

"ते गिऱ्हाईक पुण्याला गेलं," सपना म्हणाली. "मी इथली मॅडम आहे."

मग तोच आवाज मराठीत आला आणि एकदम मवाळ झाला. "माफ करा मॅडम. मी भीमसिंग, पुसदहून बोलतोय. ज्युनिअर कॉलेजात शिक्षक आहे." हे सांगायची काही गरज नव्हती, तो मास्तर आहे हे आवाजातच होतं. त्यांची पाच जणांची तुकडी होती. पुसद, नांदेड, लातूर, अकोला आणि हिंगोली. एकमेकांना गावाच्या नावानंच हाक मारायची, असा त्यांचा नियम. पाचवा नसला तर मोहीम निघत नसे. "फक्त चालता आलं तरी पुरे," भीमसिंग म्हणाला. "ते एक बटण दाबून धरायचं. बंदुकीला हात लावू नका. आमच्या मागून या."

सपना नाहीच म्हणणार होती. दीक्षा पद्माबाईकडं होती, घरी कणीक मळायची होती. पण पडद्यावर झाडी उघडली. दाट, ओली, चार हातांपलीकडचं काही न दिसणारी झाडी आणि मधून एक कच्चा रस्ता. टीव्हीवर गडचिरोली म्हणून नेहमी एक जळका ट्रक तेवढा दाखवायचे. जंगल आतून कसं असतं, तिथं माणूस कसा चालतो, हे तिला आजवर कुणी दाखवलं नव्हतं. नवऱ्यानं तर नाहीच. तिनं खुर्ची पुढं ओढली.

त्याला गेम म्हणायचा म्हणून म्हणायचा. त्यात उड्या नव्हत्या, गुण नव्हते, बक्षीस नव्हतं. तास-तासभर नुसतं चालायचं. नकाशा बघायचा, दिशा सांगायची, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा चालायचं. गोळी कुठून आली ते कळायच्या आत माणूस संपायचा, आणि एकदा संपला की संपला. भीमसिंगच्या तुकडीत नियम भारी कडक. हुकूम मिळाला की तो आपल्या तोंडानं परत म्हणायचा. थांबलं की प्रत्येकानं आपल्या गावाचं नाव घेऊन "ठीक" म्हणायचं. कुणी काही सांगितलं की "ऐकलं" म्हणायचं, म्हणजे बोलणाऱ्याला कळावं की आपण एकटे नाही. आणि सगळ्यांत कडक नियम मेलेल्यासाठी. मेलेल्यानं मोहीम संपेपर्यंत बोलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही.

दोन आठवडे मास्तरनं तिची परीक्षा घेतली. होकायंत्र, अंतर, झाडाआड थांबणं. बाई म्हणून काडीची सूट नाही. मग एक दिवस म्हणाला, "हिंगोली, आजपासून तुम्ही पक्क्या." सपनाला त्या दिवशी बी.ए. झाल्याच्या दिवशी वाटलं होतं तसं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली. ती रोजच वाटायची. पदर कमरेला खोचून, पाय खुर्चीवर पोटाशी घेऊन ती बसायची. एक पान हललं तरी बटण सोडून जागच्या जागी थांबायची. उद्यापासून नाही यायचं, असं रोज ठरवायची आणि दुसऱ्या दिवशी क्लास सुटायच्या आधीच तिचं लक्ष त्या मशीनकडं. घरी बसल्यावर तिची भीती कुठंही नसायची आणि सगळीकडं असायची. इथं ती निदान समोर तरी होती.

सगळ्यांत पुढं नांदेड चालायचा. त्याचं नाव थावरा, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला, लग्न व्हायचं होतं. मोहिमेबाहेर तो अखंड बडबडायचा. सपनाची जागा त्याच्या मागं. रोज तासभर तिच्यासमोर त्याची पाठ, आणखी काही नाही. एका संध्याकाळी तो एका पायवाटेवर वळला तेव्हा तिला पुढच्या गवतात तारेसारखं काही चमकलेलं दिसलं. नियमानं म्हणायचं होतं, "नांदेड, थांबा." तिच्या गळ्यातून निघालं, "अहो! अहो, थांबा की!"

अख्खी तुकडी थांबली. मग लातूर खुदकन हसला आणि थावरा म्हणाला, "मॅडम, आजपर्यंत मला कुनी अहो म्हनलं न्हाई. थांबलो बगा." दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव अहो पडलं. मास्तरसुद्धा गंभीर आवाजात म्हणायचा, "अहो, पुढं चला." सपना लाजून चूर झाली. पण घरी जाताना तिचे डोळे भरून आले, कारण तिला आपल्यापुरतं समजलं होतं. महिनाभर ती थावराच्या मागं चालतच नव्हती.

जुलैत एक मोहीम नाल्यापाशी आली. वर लहानसा पूल.

"पुलावरून कुणी जाणार नाही," भीमसिंग म्हणाला. "पुलाच्या पोटात सुरुंग असतो. पुढचा खाली उतरेल, पूल खालून बघेल, पलीकडं जाऊन हात करेल. मग बाकीच्यांनी यायचं."

थावरा नाल्यात उतरला. वाकून पुलाखाली बघत पलीकडं गेला. वर चढून त्यानं हात केला, "या आता."

सपनाच्या हाताखालचं बटण सुटलं. तिनं स्वतःला समजावलं. कंपनीत सगळ्यांनाच हे शिकवत असतील. मेसवाल्यालाही गाडीनं भाजी आणायला जावंच लागतं की. तिच्यापुरतं हे उत्तर ठीक होतं. ती पलीकडं गेली आणि आपणही मदत करावी म्हणून थावरासारखीच जमिनीकडं बघत चालायला लागली.

"हिंगोली, नजर खाली का?" मास्तर खेकसला. "खाली फक्त पुढचा बघतो. बाकीच्यांनी झाडं बघायची. सगळेच खाली बघायला लागले तर मारणाऱ्याला आयतंच सापडेल."

खाली फक्त पुढचा बघतो. सपनाला बाजाराची वाट दिसली. इस्त्रीची पँट, रस्त्याची कड, खाली घातलेली मान. दीक्षा त्याचा हात धरून काही तरी सांगत होती आणि तो पाच-सात पावलांपुढची जमीन बघत होता. तेवढ्यात पडदा पांढरा झाला, कानात आवाज फुटला आणि समोरची पाठ नाहीशी झाली.

"पुसद ठीक," भीमसिंग म्हणाला. "लातूर ठीक." "अकोला ठीक." मग नांदेडची पाळी. काही नाही.

"अहो," सपना म्हणाली. "अहो, बोला की."

नियम म्हणजे नियम. थावरा नांदेडला आपल्या खुर्चीत धडधाकट बसला होता आणि मेलेला असल्यामुळं बोलत नव्हता. सपनाला हे पक्कं ठाऊक होतं. तरी तिला हुंदका आवरेना. ती त्या रिकाम्या खोलीत, झाकलेल्या मशीनच्या रांगेत बसून मोठ्यानं रडायला लागली आणि "बोला ना, अहो बोला ना" एवढंच म्हणत राहिली.

"नांदेड, बोल," भीमसिंग घाईनं म्हणाला. त्यानं स्वतःचा नियम मोडलेला सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकला. "मॅडम रडताहेत. बोल लवकर."

"मॅडम, मी इथंच हाय," थावरा म्हणाला. "खरंच हाय. चिवडा खाऊन राहिलो."

सपनानं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "आमचे मालक तिकडं हायेत. गडचिरोलीला, राखीव पोलिसात." ह्या लोकांना तिनं हे आजवर सांगितलं नव्हतं. मग मास्तरनं हळूच विचारलं, "तिथं काय काम असतं त्यांच्याकडं?"

मेसमध्ये, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं हेडफोन काढून ठेवला.

घरी आली तेव्हा पद्माबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. दीक्षा शेजारी खेळत होती. सपना तिच्यासमोर उकिडवी बसली. तिला विचारायचं नव्हतं, पण एवढं मोठं ओझं एकटीनं उचलणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं.

"ताई, जळबाभाऊजी खरंच भांडारात हायेत का?"

पद्माबाईचा सुपातला हात थांबला. कधी नव्हे तो तिचा आवाज एकदम खाली आला. "काहून इचारलंस?"

"मला वाटते आमचे मेसमधी न्हाईत."

"तुझे मेसमधी हायेत," पद्माबाई म्हणाली. "आमचे भांडारात हायेत. ह्या लायनीत आसं कुनी कुनाला इचारत नसते. समजलं? तोंडातून काढू नये माणसानं." ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. खडा म्हणून ती चांगले तांदूळच उचलून टाकत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. सपनानं दीक्षाला उचललं आणि ती गपचूप घरात गेली.

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. सगळ्या लायनीला माहीत होतं. आठही घरांना. नवऱ्यांनी बायकांना सांगितलेलं खोटं बायकांनी केव्हाच ओळखलेलं होतं आणि तरी त्या ते रोज नळावर मोठमोठ्यानं म्हणत होत्या, म्हणजे एकीचं ऐकून दुसरीला जरा झोप लागावी. एकटी तीच बावळट खरं मानून बसली होती.

पुढचे दिवस फार वाईट गेले. ती सेंटरवर गेली, पण त्या मशीनला तिनं हात लावला नाही. तलाठी काही विचारायचे आणि तिला दुसऱ्यांदा विचारावं लागायचं. रस्त्यानं चालताना ती स्वतःच खाली बघायला लागली. भाजी चिरताना, लेकराला आंघोळ घालताना, कुठंही, तिला ती पाठ दिसायची आणि ती पुढचं पाऊल उचलायच्या बेतात असायची. दीक्षाला एकदा उगीचच चापट बसली, मग दोघी रडल्या. फोन आला तर काही विचारायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं. पद्माबाईचं बरोबर होतं. न बोललेलं बरं. बोललं आणि काही झालं तर?

रविवारी दुपारी फोन आला. तिकडं पाऊस लागलेला ऐकू येत होता. रेंजसाठी तो नेहमी कुठल्या तरी उंच जागी चढून बोलायचा.

"जयभीम. कशी हायेस?"

"बरी हाय. तुमी?"

"ठीक हाय. दीक्षा काय करून राहिली?"

"झोपली."

"आज वांगं केलं व्हतं," तो आपणहून म्हणाला. "वांगं आन्..."

"अहो," सपना म्हणाली, "तुमच्या मागं कोण चालते?"

पाऊस तेवढा ऐकू येत राहिला.

"मागं म्हंजे?"

"तुमी पुढं असता. खाली बघत. तुमच्या मागं कोण असते?"

तिनं फोन कानावरून काढून बघितला, लागलेला आहे का. आपण काय करून बसलो, असं तिला वाटलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"तुला कोन सांगितलं?"

"कुनी न्हाई. तुमच्या चालन्यावरून समजलं."

"जळबा," तो म्हणाला. "मागं जळबा असते."

आणि मग त्याचा आवाज बदलला. इतकी वर्षं ज्या आवाजात तो वांगं आणि वरण सांगत होता तो हा आवाज नव्हता. "सपना, मला लई भेव वाटते गं," तो म्हणाला. "रोज वाटते. पाय उचलला का वाटते, टेकवला का वाटते. कुनाला सांगू?"

काही होत नाही, असं ती म्हणू शकली असती. बायका म्हणतात तसं. पण तिला त्या झाडीत चालून माहीत होतं, काहीही होऊ शकतं. ती भित्री बाई, आणि तो तिलाच सांगत होता. तिला दुसरं काही सुचलं नाही म्हणून ती तेवढंच म्हणाली, जेवढं तिला शिकवलं होतं.

"ऐकलं," ती म्हणाली. "सांगा. मी ऐकून राहिले."

तो सांगत राहिला. ताजी माती कशी ओळखायची ते. पावसात ती सगळीच ताजी दिसते ते. आपल्याआधी जो पुढं चालायचा, त्याच्याबद्दल तो अर्धंच बोलला आणि थांबला. तिनं ऐकलं म्हटलं, तेव्हा उरलेलं अर्धं बोलला. मध्येच रडला. तीही रडत होती, पण आवाज तिकडं जाऊ दिला नाही. मग रेंज गेली.

सपना उठून दाराशी आली. पद्माबाई पायरीवर बसलेली होती. भिंत पातळ, तिनं काय ऐकलं आणि काय नाही ते तिलाच ठाऊक.

"काय म्हनले?" तिनं नेहमीचा प्रश्न नेहमीच्याच आवाजात विचारला.

"मेसमधी हायेत," सपना म्हणाली.

"आन् आमचे?"

हे तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं. सपना तिच्याजवळ पायरीवर बसली. "भांडारात हायेत ताई. पोती मोजून राहिले म्हने."

पद्माबाईनं मान हलवली. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालत होती, ती आत जाईपर्यंत ती थांबली. मग तिनं सपनाचं मनगट घट्ट धरलं आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "दोघं संगंच असतेत ना गं?"

"व्हय ताई," सपना म्हणाली. "ह्यांच्या मागं तेच असतेत."

पद्माबाईनं मनगट सोडलं नाही. दोघी तशाच पायरीवर बसून राहिल्या.